बेडूक इथलाच, नाव मात्र जावाचं

सावंतवाडीकडच्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या सरांचा प्रश्न आहे. विद्यार्थ्यांना घेऊन ते सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या उभयचरांची यादी तयार करत आहेत. पुढे तीच यादी गावोगावच्या लोक जैवविविधता नोंदवह्यांना जोडायची आहे. अडचणी चार. जुन्या याद्यांतली काही नावं नव्या पुस्तकांत सापडत नाहीत. गोव्यात आणि कोल्हापूरच्या बाजूला मिळालेल्या जाती आपल्या यादीत घ्यायच्या की नाही, ते ठरत नाही. एका शेतकऱ्याने 'सापासारखं गांडूळ' पाहिल्याचं सांगितलं, त्याचं काय करायचं? आणि कुडाळजवळ एका डबक्यात विद्यार्थ्यांना पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा बेडूक मिळाला, तो 'परकी जात' म्हणून लिहायचा का?

सर, चारही प्रश्नांचं मूळ एकच आहे. यादीत नाव लिहिलं की आपण एक विधान करतो: ही जात या हद्दीत स्वतःच्या बळावर जगते, तिची इथे वीण होते, आणि हे मी अमुक पुराव्यावरून म्हणतो आहे. या तिन्हीतलं एकही कमी पडलं तर ते नाव मुख्य यादीत जाऊ नये. त्याला फेकूनही देऊ नये, त्याची जागा वेगळ्या तक्त्यात असते. नाव इथलं की परकं हा प्रश्न त्यानंतर येतो. आणि पंचवीस पावसाळे सह्याद्रीत काढल्यावर मला वाटतं ते सांगतो: आपल्या याद्यांत परके बेडूक जवळजवळ नाहीत, परकी नावं मात्र भरपूर आहेत. म्हणून मी सुरुवात नावांपासूनच करायला सांगेन, जरी तो पांढरा बेडूक तुम्हाला जास्त खुणावत असला तरी.

भातखाचराच्या बांधावर पावसाळ्यात रात्री बॅटरी मारली की जे लहान, मातकट, पाठीवर बारीक उंचवट्यांच्या रेघा असलेले बेडूक टुणकन पाण्यात जातात, ते घ्या. जवळजवळ शंभर वर्षं आपल्याकडच्या याद्यांत त्यांना 'राना लिम्नोकॅरिस' आणि नंतर 'फेजेर्वार्या लिम्नोकॅरिस' असं लिहिलं गेलं. लिम्नोकॅरिस हे नाव ज्या बेडकाला दिलं गेलं तो जावा बेटावरचा. खरा लिम्नोकॅरिस आग्नेय आशियात राहतो. आपल्या खाचरातला बेडूक कुठूनही आलेला नाही, तो इथलाच आहे, पण आपण त्याला जावाच्या बेडकाचं नाव लावून बसलो होतो. मी स्वतः सुरुवातीची सहा वर्षं माझ्या वहीत प्रत्येक खाचराच्या पुढे हेच नाव लिहिलं. त्या नोंदींतल्या निम्म्याहून अधिक आज निरुपयोगी आहेत, कारण मी ना फोटो ठेवला, ना आवाज, ना मोजमाप. नुसतं नाव ठेवलं, आणि ते नावच चुकीचं निघालं. याची खंत मला आजही आहे, कारण त्यातली दोन-तीन खाचरं आता राहिलेली नाहीत. तिथे काय होतं हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

त्या एका नावाखाली किती जाती लपल्या होत्या हे हळूहळू बाहेर आलं. २००१ मध्ये 'मिनर्वारिया सह्याद्रिस' हे नाव आलं. हा इतका छोटा की अंगठ्याच्या नखावर जवळजवळ मावतो. वरच्या ओठावरून पांढरी पट्टी गेलेली असते, आणि आवाज असा की नवखा माणूस रातकिडा समजून पुढे जातो. २०१५ मध्ये गोव्याच्या नावाने 'गोमंतकी' आला. २०१८ मध्ये दक्षिण आशियातली ही सगळी मंडळी मिनर्वारिया या वंशात नेली गेली. आता तुमच्या हातात १९९० च्या सुमाराची यादी असेल आणि तीत 'लिम्नोकॅरिस' असेल, तर तुम्ही त्याच्या जागी आजचं कुठलं नाव लिहाल? प्रामाणिक उत्तर असं की लिहिता येणार नाही. त्या नोंदीला 'मिनर्वारिया, जात अनिश्चित' असं लिहा, मूळ नाव कंसात ठेवा, आणि त्याच जागी जाऊन नव्याने पुरावा घ्या. कोष्टक उघडून जुन्या नावासमोर नवं नाव टाकत जाणं हा यादी बिघडवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. एका जुन्या नावाच्या जेव्हा चार जाती होतात, तेव्हा त्या नोंदीतला बेडूक चारांपैकी कोणता हे कोष्टक सांगू शकत नाही.

झुडुपांवरच्या बेडकांचंही तेच. भारतातल्या जुन्या याद्यांत 'फिलॉटस ल्युकोऱ्हायनस' सर्रास दिसतो. ते नाव श्रीलंकेच्या बेडकाचं. महाराष्ट्राच्या घाटमाथ्यावर कारवीत बसून टिकटिक करणाऱ्या एका झुडूपबेडकाला स्वतःचं नाव मिळायला २०१३ उजाडावं लागलं: राओर्चेस्टिस घाटेई, पुण्याच्या प्रा. हेमंत घाटे यांच्या नावावरून. 'बॉम्बेएन्सिस' नावाचा त्याचा एक भाऊबंद आहे. विद्यार्थी हमखास विचारतात, हा मुंबईचा का? नाही. १९१९ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी तो कॅसलरॉकहून वर्णन केला. कॅसलरॉक आज कर्नाटकात आहे, तेव्हा तो उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. नावातलं गाव बघून जागा ठरवायची नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. तांबूस पाठीच्या, काळ्या कुशीच्या बेडकाला आपण सगळे 'मलबारिकस' म्हणत होतो. २०१५ मध्ये कळलं की आपल्याकडचा वेगळा आहे आणि त्याला 'बहुविस्तारा' असं सुरेख नाव मिळालं. दक्षिणेतल्या बेडकाचं नाव आपण उत्तरेकडे ओढत आणलं होतं.

म्हणून सर, आधी तुमच्या जुन्या याद्यांतली नावं तीन ढिगांत वाटा. ज्यांचं फक्त नाव बदललं पण बेडूक तोच राहिला, ती नावं सरळ नव्या नावाने लिहा. 'राना टायग्रिना'चा 'हॉप्लोबॅट्रॅकस टायगरिनस' झाला, तिथे शंकेला जागा नाही. ज्या नावाचे तुकडे पडले ती अनिश्चित म्हणून ठेवा. आणि ज्या नावाचा बेडूक इथे कधी नव्हताच, ती 'वगळलेली नावं' अशा वेगळ्या पानावर कारणासह लिहा. हे तिसरं पान फार कमी लोक ठेवतात. नसलं की दर दहा वर्षांनी कोणीतरी जुनी यादी उघडतो आणि श्रीलंकेचा बेडूक पुन्हा सिंधुदुर्गात आणून बसवतो.

आता हद्द. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याआधीच्या कुठल्याही चिठ्ठीवर 'रत्नागिरी जिल्हा' असेल तर ते ठिकाण आज तुमच्याकडे असू शकतं. त्याही आधीच्या चिठ्ठीवर 'सावंतवाडी संस्थान' असेल. म्हणून जिल्ह्याचं नाव सोडून द्या आणि गाव शोधा. उलटही होतं. गेगेनिओफिस शेषाचारी हा देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा, बिनपायांचा उभयचर) २००३ मध्ये रत्नागिरीच्या डोर्ले गावातून वर्णन झाला. डोर्ले आजही रत्नागिरीतच आहे, तेव्हा तो तुमच्या यादीत आपोआप येत नाही, कोकणातला असला तरी. त्याच वर्षी वर्णन झालेला गेगेनिओफिस डॅनिएली आंबोलीचा, तो मात्र हक्काने तुमचा.

आंबोली हे नाव दिसलं तरी थांबून विचार करा. आंबोली घाटमाथ्यावर आहे. तिथून निघणारी हिरण्यकेशी पूर्वेला जाते, कृष्णेच्या खोऱ्यात, आणि थोडं पलीकडे गेलं की आजरा, चंदगड, म्हणजे कोल्हापूर जिल्हा. मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाने 'आंबोली परिसर' लिहिलं असेल तर त्याचा बेडूक कुठल्या बाजूचा होता हे त्यालाही आता आठवणार नाही. जीपीएस नसलेल्या अशा नोंदी मी 'आंबोली, बाजू अनिश्चित' अशा लिहितो. पुढे कोणी त्या जागी नव्याने बेडूक मिळवला की अनिश्चित काढून टाकता येतं.

गोव्याच्या आणि चोर्ल्याच्या बाजूच्या जातींबद्दल मी कडक आहे. दोडामार्गच्या हद्दीपासून चार किलोमीटरवर एखादी जात आहे, जंगल सलग आहे, म्हणून ती आपल्याकडेही 'असणारच', हा तर्क मनात ठेवायला चांगला, यादीत लिहायला वाईट. 'गोमंतकी' तुमच्याकडे असण्याची शक्यता मला भरपूर वाटते. पण तो तुमच्या तालुक्यातल्या एका जागेवरून, तारखेसह, आवाजासह मिळेपर्यंत त्याचं नाव 'शोधायच्या जाती' या पानावर राहू द्या. हे पान विद्यार्थ्यांना फार आवडतं. पावसाळा लागला की त्याच पानाचे कागद खिशात घालून मुलं तिलारीकडे पळतात.

पुरावा कसला मागायचा, हे जातीगणिक बदलतं, आणि इथे थोडं सावकाश जाऊ या. अंगाने मोठा, पहिल्या पावसात पिवळाजर्द होणारा आपला बुलफ्रॉग, म्हणजे वरचा हॉप्लोबॅट्रॅकस टायगरिनस, फोटोवरून ओळखता येतो, तिथे आणखी काही मागत बसू नये. झुडूपबेडकाचा नुसता फोटो मात्र मी मानत नाही. एकाच जातीचे दोन बेडूक एकाच कारवीच्या झुडपावर एक तपकिरी, एक पिवळसर असे बसलेले मी पाहिलेत. तिथे आवाज लागतो. मोबाईलवर एक मिनिटभर रेकॉर्ड करा, सुरुवातीला तोंडाने तारीख, वेळ, गाव सांगा, शेवटी हवेचं तापमान सांगा, कारण गारठ्यात तोच बेडूक संथ बोलतो. आणि वीण होते का, हे बघताना बेडूकमासे शोधत बसू नका. झुडूपबेडकांना बेडूकमाशाची अवस्थाच नसते, अंड्यातून थेट इवला बेडूक बाहेर येतो. 'पाण्यात पिल्लं दिसली नाहीत, म्हणजे वीण नाही' असं एका तरुण मुलाने मला एकदा फार आत्मविश्वासाने सांगितलं होतं. मी त्याला पानाच्या मागे चिकटलेला अंड्यांचा पुंजका दाखवला. काचेच्या मण्यांसारख्या प्रत्येक अंड्यात एक पूर्ण बेडूक पाय हलवत होता. तो मुलगा पुढे बेडकांचाच अभ्यासक झाला.

आंबोली टोडचं (टोड म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक) उलट. झँथोफ्रायनी टायगरिना, २००९ मध्ये नाव मिळालेला, कुशीवर वाघासारखे पट्टे असलेला, जगात फक्त आंबोलीच्या परिसरात माहीत असलेला. त्याची वीण जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, तळहाताएवढ्या खळग्यांतल्या पाण्यात, आणि तीही पहिल्या पावसाच्या मोजक्या दिवसांत. त्या दिवसांत तुम्ही सड्यावर नसाल तर वर्षभर फिरून तो नाहीच असं तुम्हाला वाटेल. म्हणून प्रत्येक गावासमोर 'किती रात्री, कुठल्या महिन्यात, कुठल्या प्रकारच्या जागी शोधलं' हा रकाना हवाच. तो रकाना नसेल तर 'आढळला नाही' या शब्दांना काही अर्थ उरत नाही. आणि त्या सड्यावर मुलांना नेताना ओळीने, कातळाच्या उघड्या भागावरूनच न्या. खळग्यात बूट पडला की अख्खी वीण जाते.

पुराव्यासाठी जीव मारू नका, पकडून बाटलीत भरू नका. नमुना गोळा करायला परवानगी लागते. शंकेची जात असेल तर अशी परवानगी असलेल्या संस्थेला कळवा, पुण्यात प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, मुंबईत बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) आहे. एका डबक्यातला बेडूक दुसऱ्यात सोडू नका, आणि एका ओढ्यातून दुसऱ्याकडे जाताना बूट घासून, जंतुनाशकाने धुवून, वाळवून घ्या. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवर कायट्रिड ही उभयचरांच्या कातडीला लागणारी रोगकारक बुरशी असल्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. बेडूक मोजायला गेलेल्या माणसांनीच ती पुढच्या व्हाळात (ओढ्यात) नेली असं व्हायला नको.

शेतकऱ्याचं 'सापासारखं गांडूळ' ऐकून मला फार आनंद झाला. ही नोंद कचऱ्यात टाकू नका. देवगांडूळ हे उभयचर आहेत हे आपल्याकडे शिकलेल्या माणसांनाही ठाऊक नसतं, आणि ते मिळतात ते बहुतेक वेळा कुदळीच्या टोकाला, शेणखताच्या ढिगाखाली किंवा माडाच्या आळ्यात. गांडुळाला अंगावर एक फिकट जाड पट्टा असतो, देवगांडुळाला नसतो. वाळा, म्हणजे तो बारीक आंधळा साप, कोरडा, खवल्यांचा, जीभ लपलपवणारा असतो. देवगांडूळ ओलाचिंब बुळबुळीत, अंगभर कडी कडी, तोंड उघडलं तर खरे दात, आणि भिंगाने पाहिलं तर डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक बारीक स्पर्शक. शेतकऱ्याला सांगा, पुन्हा दिसलं तर ओल्या मातीसकट पसरट भांड्यात घ्या, वरून, बाजूने आणि डोक्याचा जवळून असे तीन फोटो काढा, आणि तिथेच सोडा. जात फोटोवरून बहुधा ठरणार नाही. तरी 'देवगांडूळ, जात अनिश्चित, अमुक गाव' ही ओळ यादीला मोलाची आहे. खंडाळ्याचा इंडोटिफ्लस हा देवगांडूळ १९६० मध्ये वर्णन झाला. त्याच वंशातला दुसरा कोयनेजवळच्या हुंबरळीचा, २००४ मध्ये, म्हणजे मध्ये चव्वेचाळीस वर्षं गेली. जमिनीखालच्या प्राण्यांची यादी कुदळ धरणाऱ्या माणसांशिवाय पुरी होत नाही.

आता तो पांढरा बेडूक. तुम्ही पाठवलेलं वर्णन वाचून मला वाटतं तो आफ्रिकन नखवाला बेडूक असावा, झेनोपस. त्याचा पांढरा, लाल डोळ्यांचा प्रकार मत्स्यालयाच्या दुकानांत विकला जातो. खात्री करायची तर मागच्या पायाची बोटं बघा: आतल्या तीन बोटांना काळी टोकदार नखं असतात. डोळे वरच्या बाजूला, पापण्या नाहीत, आणि तोंडात जीभच नसते, तो पुढच्या पायांनी खाणं तोंडात ढकलतो. हे जुळलं तर तो परका आहे यात शंका नाही. पण परका असणं वेगळं आणि जिल्ह्याच्या यादीत असणं वेगळं. कोणीतरी टाकी रिकामी केली आणि एक बेडूक डबक्यात सोडला, एवढाच याचा अर्थ. उद्या बगळ्याने तो खाल्ला की सिंधुदुर्गातली ती 'जात' संपली. अशा जिवाला मी 'उपरा' म्हणतो आणि त्याच्यासाठी वेगळा तक्ता ठेवतो: कुठे, कधी, किती, सोबत फोटो, आणि पुढे काय झालं.

उपरा स्थिरावला असं कधी म्हणायचं? माझा नियम असा: कोणी नव्याने सोडत नसताना, त्याच जागी सलग तीन पावसाळे, वेगवेगळ्या वयाचे जीव दिसले आणि इथेच जन्मलेल्या पिढीची पुन्हा वीण झाली, तर त्याला 'स्थिरावलेली परकी जात' म्हणून मुख्य यादीत घ्यायचं, मूळच्या जातींपासून ठळकपणे वेगळं दाखवून. त्याआधी नाही. पण यादीत घ्यायला तीन वर्षं थांबायचं म्हणजे उपाय करायला तीन वर्षं थांबायचं असं नाही. तो डबक्यातला बेडूक आजच काढायला हवा, वनविभागाला कळवून. हे दोन निर्णय लोक एकमेकांत मिसळतात आणि मग दोन्हीकडे चुकतात.

यात आळस केला तर काय होतं हे बघायला परदेशात जायला नको. आपलाच बुलफ्रॉग, तो पिवळाजर्द होणारा, मुख्य भूमीवर मूळचा रहिवासी. अंदमानात तो नव्हता. तिथल्या तळ्यांत मत्स्यबीजाबरोबर त्याचे बेडूकमासे गेले, काही लोकांनी मुद्दाम सोडले, आणि थोड्याच वर्षांत तो बेटाबेटांवर पसरला. त्याचे बेडूकमासे मांसाहारी असतात, दुसऱ्या जातींच्या बेडूकमाशांना खातात, आणि मोठा बेडूक तर तोंडात मावेल ते गिळतो, कोंबडीची पिल्लंसुद्धा. म्हणजे एकच प्राणी सिंधुदुर्गाच्या यादीत मानाने मूळ जात म्हणून, आणि अंदमानच्या यादीत आक्रमक परकी जात म्हणून. देश एक, कायदा एक, तरी नोंद वेगळी, कारण यादी जागेची असते. गोव्यात ज्याला 'जंपिंग चिकन' म्हणून पावसाळ्यात चोरून पकडतात आणि आपण ज्याला वाचवायची धडपड करतो, त्यालाच अंदमानातले अभ्यासक थोपवू पाहतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. आपल्या अंगणातला साधा टोड, काळ्या कडांच्या डोक्याचा, २०१४ मध्ये मादागास्करच्या तोआमासिना बंदराजवळ सापडला, तेव्हापासून तिथे तो मोठी डोकेदुखी आहे. बंदर असलेल्या, मत्स्यबीज येणाऱ्या, रोपवाटिका वाढणाऱ्या जिल्ह्याने हे लक्षात ठेवावं. तुमच्या विद्यार्थ्यांना रोपवाटिकांत आणि मत्स्यबीज उतरतं त्या तळ्यांवर महिन्यातून एक रात्र काढायला सांगा.

रोपवाटिकांवरून आठवलं. आपला नेहमीचा झाडबेडूक, न्हाणीघरात शिरणारा, ट्रकमधल्या कुंड्यांतून आणि केळीच्या घडांतून सहज प्रवास करतो. तो सिंधुदुर्गात मूळचा आहेच, म्हणून यादीला फरक पडत नाही. पण एखाद्या दुर्मिळ झुडूपबेडकाची एकाकी नोंद शहरातल्या रोपवाटिकेतून आली, तर ती 'नवा विस्तार' म्हणून लिहू नका. आधी विचारा, कुंड्या कुठून आल्या. जो जीव स्वतःच्या पायांनी आला तो मूळचा, मग तो माणसाने खोदलेल्या तिलारीच्या कालव्याच्या काठाकाठाने आला असला तरी. जो माणसाच्या वाहनातून, पिशवीतून, टाकीतून आला तो परका, मग तो शेजारच्याच जिल्ह्यातला असला तरी. विहिरीत पडलेले बेडूक काढून लांबच्या 'चांगल्या' तळ्यात सोडणाऱ्या सर्पमित्रांनाही हे समजावून सांगा. त्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यांच्या पिशवीतून गेलेला बेडूक पुढच्या माणसाच्या यादीत खोटी नोंद होतो. काढलेला बेडूक त्याच विहिरीच्या काठावर सोडावा.

आणि परकं ठरवण्याची घाईही नको. इंग्लंडमध्ये पूल फ्रॉग नावाचा बेडूक आहे. तिथे युरोपातून हिरवे बेडूक अनेकदा आणून सोडले गेले होते, त्यामुळे हाही आणलेलाच, असं कित्येक वर्षं धरलं गेलं आणि त्याला वाचवायला कोणी धडपडलं नाही. मग त्याचा आवाज, त्याची जनुकं आणि दलदलीत मिळालेली शेकडो वर्षांपूर्वीची हाडं असे तिन्ही पुरावे एकत्र आले आणि तो तिथला मूळचा ठरला. तोवर, १९९० च्या दशकात, नॉरफॉकमधला शेवटचा ठावठिकाणा रिकामा झाला होता. २००५ मध्ये स्वीडनहून त्याच्या नात्यातले बेडूक आणून पुन्हा सोडावे लागले. एका रकान्यात 'परका' लिहिलं गेलं आणि त्या एका शब्दाने एक बेडूक देशातून गेला. मी हे मुलांना सांगतो तेव्हा वर्ग शांत होतो.

आपल्याकडे याचं उलटं रूप दिसतं. दर पावसाळ्यात कोणीतरी मोठ्या टोडचा फोटो पाठवतो, 'ऑस्ट्रेलियातला विषारी केन टोड कोकणात आला' अशा मजकुरासह. १९३५ मध्ये उसावरच्या भुंग्यांसाठी ऑस्ट्रेलियात सोडलेला केन टोड मूळचा अमेरिका खंडातला, आणि फोटोतला प्राणी आपला नेहमीचा अंगणातला टोड असतो, चांगला पोसलेला. लोक मग त्याला मीठ टाकून मारतात. तुमच्या यादीत 'स्थिरावलेल्या परक्या जाती' या मथळ्याखाली आज एकही नाव नसेल, आणि मला वाटतं तसंच असावं. तो मथळा तरीही छापा, खाली 'आजवर पुरावा नाही' आणि तारीख लिहा. तो कोरा रकाना गावकऱ्याला सांगतो की अंगणातला टोड आपलाच आहे, आणि वीस वर्षांनी तिथे नाव आलं तर ते कधीनंतर आलं हेही सांगतो.

जुन्या, पन्नास वर्षांत पुन्हा न दिसलेल्या जातींचं थोडक्यात: नाव खोडू नका, शेवटची खात्रीची तारीख लिहा.

कुडाळच्या त्या डबक्याकडे जूनमध्ये, चांगला पाऊस होऊन आठ-दहा दिवस झाले की पुन्हा जा. काठावरचे काळे, तळाशी शेवाळ खरवडणारे बेडूकमासे आपले असतील. पण पाण्याच्या मधल्या थरात, काचेसारखे आरपार दिसणारे, डोकं खाली करून एका जागी तरंगणारे आणि तोंडाशी मांगूर माशासारख्या दोन लांब मिशा असलेले बेडूकमासे दिसले, तर ते झेनोपसचे. मग तिथे एकच बेडूक सोडला गेला नव्हता असं समजा. डबक्याचं पाणी कुठल्या व्हाळाला जातं ते त्याच दिवशी बघून ठेवा, पाणी बाहेर पडतं तिथे बारीक जाळी लावा, आणि वनविभागाला आणि मला, दोघांनाही, त्याच रात्री कळवा.